हरकत असेल तर ऑफिसात जाऊन नोंदवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरातल्या वधूवर जाहिरातींत अजूनही सर्रास असतं, विधवा चालेल पण अपत्य नको. ज्याची जाहिरात त्याची अट, ठीक आहे बाबा. पण आमच्या निफाडमध्ये लोक ही अट दुसऱ्याच्या लग्नाला लावतात. माझी सून दुसरं लग्न करतेय आणि मी तिची सासू, म्हणून लिहितेय.

तिचा होणारा नवरा कबड्डीवाला, रेडर. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. त्यात म्हणे स्वतःच्याच मांडीतल्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून गुडघ्यात बसवतात आणि पुढे नऊ-दहा महिने तरी खेळ बंद. आपल्या जिल्ह्यात खेळाडूचं कौतुक फार, धावपटू कविता राऊतने 2010 ला कॉमनवेल्थचं मेडल आणलं, चांदवडचा दत्तू भोकनळ नौकानयनात 2016 ला रिओ ऑलिंपिकला गेला, आपण बॅनर लावले. पण हा पडला तर टीममधलं कोणी महिन्याभरानंतर फिरकलं नाही. फिजिओथेरपीला एसटीने नाशिकला जायचा, कुबड्या घेऊन. सून पण कामाला त्याच गाडीने. एकदा सीटवरच्या पोराला तिने उठवलं आणि याला बसवलं, तिथून ओळख. 2023 पासून बायकांना एसटीत हाफ तिकीट आहे ना, तर हिचं हाफ, याचं फुल, त्यावरून चांदोरी येईपर्यंत चिडवाचिडवी, हे मला नातवाने सांगितलं, सून कशाला सांगेल! मग थंडीत गुडघा आखडायला लागला (निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे) तर हा आमच्या ओट्यावर ऊन खात व्यायाम करायला लागला. मोजायचं काम नातवाकडे, वीस झाले की तो एकविसावा करायलाच लावायचा. मला तेव्हाच कळलं होतं, मी काही बोलले नाही, चहा वाढवला.

आता लोक काय म्हणतात, तर पायाने अधू झाला म्हणून लेकुरवाळी पत्करली. म्हणजे दोघांचाही अपमान एका वाक्यात. अहो तो आता पळतो, आणि तिच्यामागे लागून होकार मिळवायला त्याला वर्ष गेलं.

दुसरं म्हणजे शेत घेऊन चालली. शेत माझ्या मुलाच्या नावावर होतं, तो गेल्यावर वारस म्हणून मी, सून, नातू अशी तीन नावं सातबाऱ्याला लागली आणि लग्न केलं म्हणून तिचं नाव कमी होत नाही, वकिलांना विचारून घेतलंय. कमी झालं असतं तरी मी अडवलं नसतं. नातवाचं कसं होणार म्हणून रडायला येणाऱ्यांना पण सांगते, सावत्र बाप कायद्याने आपोआप पालक होत नाही, पालक आईच राहते. आणि पोरगा शनिवार-रविवार माझ्याकडेच असणार, ते ठरलंय.

विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, आणि आमच्याकडे अजून बायका कुजबुजत येतात, "तुम्हाला चालतं का हो?" चालतं, मीच मागे लागले होते.

लग्न रजिस्टर करतोय. नाशिकच्या ऑफिसात नोटीस लागलीय, तीस दिवसांची मुदत असते. कोणाची कायदेशीर हरकत असेल तर तिथे लेखी द्या, माझ्या ओट्यावर येऊन नको.

एक सासू, निफाड