संगणक फॉरमॅट करण्याआधी जुने कर्नल काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या हायस्कूलच्या संगणक कक्षात अकरा संगणक आहेत आणि सगळ्यांवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांतले चार अपडेट घेईनात. पडद्यावर एकच तक्रार, डिस्कवर जागा नाही. प्रत्यक्षात डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी होती. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने ‘लिनक्सचं हे असंच असतं’ म्हणत पहिला संगणक थेट फॉरमॅट मारला. नववीच्या मुलांनी दोन महिने खपून टंकलेली गावातल्या विहिरींची नोंदवही त्यावर होती. ती गेली.

उरलेल्या तिन्हींना मी त्याला हात लावू दिला नाही. दोन संध्याकाळी बसून कारण शोधले. या चार संगणकांवर डिस्कचे भाग पाडताना ‘बूट’साठी, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींसाठी, वेगळे 500 एमबी ठेवले होते. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा; अपडेटमधून नवा आला तरी जुना तिथेच राहतो. एकेक कर्नल, सुरू होताना त्याला लागणाऱ्या ‘इनिटआरडी’ फाइलसह, तिथे जवळपास 100 एमबी जागा घेतो. चार मावले, पाचवा मावेना. आणि तो अर्धवट बसल्यामुळे पुढची सगळीच अपडेट अडकली, सुरक्षेचीसुद्धा. बाकीच्या सात संगणकांवर असा वेगळा विभागच नव्हता, म्हणून ते बिनतक्रार चालत राहिले.

यात आमचीही चूक आहे. शाळेचे इंटरनेट तुटपुंजे, म्हणून आम्ही आपोआप होणारी अपडेट बंद करून दर शनिवारी हाताने देत होतो. शेवटी दर वेळी सूचना यायची की या पॅकेजेसची (त्यांत जुने कर्नलही) आता गरज नाही, ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञेने काढा. ती कुणीच वाचली नाही.

उपाय साधा निघाला. ‘यूनेम -आर’ या आज्ञेने चालू कर्नल कोणता ते पाहून वहीत लिहून ठेवले. सर्वांत जुना कर्नल नाव देऊन ‘डीपीकेजी’ या आज्ञेने पर्ज केला, म्हणजे पूर्ण काढून टाकला. थोडी जागा झाल्यावर अडकलेले काम पूर्ण केले आणि मग ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’. बूट विभाग 100 टक्क्यांवरून 44 वर आला. बूटमधल्या फाइली सरसकट हाताने मात्र कुणी पुसू नयेत. चालू कर्नलची फाइल गेली तर संगणक पुढच्या वेळी सुरूच न होण्याची भीती असते.

मागचा एक कर्नल राखून ठेवणेही गरजेचे आहे. ऑगस्टमध्ये नव्या कर्नलवर एका संगणकाचे वाय-फाय बंद पडले, तेव्हा ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीच्या, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला आणि तास बुडाला नाही.

शाळांना संगणक बसवून देणाऱ्यांनी ताबा देताना एवढे अर्ध्या तासात दाखवावे, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातही ते यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्हाला सादरीकरण करायला शिकवले, हे कुणी शिकवले नाही.

नोंदवही मुले पुन्हा टंकत आहेत. 38 पैकी 21 विहिरी झाल्या.

– एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा