अळीचे औषध आणि तणनाशक एकाच पंपात नको

संपादक महोदय,

तणाची औषध पचवण्याची ताकद रोखून तणनाशकाचा परिणाम वाढवण्याच्या संशोधनावरचा लेख आपल्या शेतीपानावर वाचला. संशोधन खरे आहे, गरजेचेही आहे. पण गावात ते अर्धवट पोचले तर नुकसान शेतकऱ्याचेच होईल, म्हणून हे पत्र.

हरियाणात गव्हातल्या गुल्ली-डंडा तणावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक मारले गेले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासे झाले. तण इतके माजले की काहींना उभा हिरवा गहू चाऱ्यासाठी कापावा लागला. तपासणीत कळले, की गहू ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) हे औषध मोडून स्वतः वाचतो, त्याच प्रकारच्या (सायटोक्रोम पी-४५०) विकरांनी तणही ते पचवू लागले होते. डासांच्या फवाऱ्यात पायरेथ्रिनचा जोर वाढवणारे पिपेरोनिल ब्युटॉक्साइड सोबत दिले, तेव्हा हे विकर अडले आणि आयसोप्रोट्युरॉनचा परिणाम पुन्हा दिसू लागला.

मात्र हेच विकर पिकालाही वाचवतात. ते अडले की पीकही उघडे पडते. मॅलाथिऑनसारखी काही ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके ते अडवतात. अमेरिकेत मक्याला टर्बुफॉस हे याच गटातले कीटकनाशक दिल्यावर निकोसल्फ्युरॉन हे तणनाशक फवारले, तर मकाच खुरटतो, हा अनुभव जुना आहे. आपल्याकडे मक्यात वापरले जाणारे टेंबोट्रायोन हे तणनाशकही मका अशाच विकरांनी पचवतो.

आमच्या सिल्लोड भागात मका चार-पाच पानांवर असतो तेव्हाच तण काढायचे असते आणि पोंग्यात लष्करी अळीही तेव्हाच दिसते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. मग दोन्ही औषधे एकाच पंपात जातात. यात शेतकऱ्याचा हलगर्जीपणा नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते. डब्यासोबतच्या माहितीपत्रकातली अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत.

कृषी विद्यापीठांनी मक्यातली कोणती तणनाशके कोणत्या कीटकनाशकांसोबत चालत नाहीत आणि दोन फवारण्यांत किती दिवसांचे अंतर हवे, याचा तक्ता खरीप पेरणीपूर्वी काढावा. तो मोठ्या मराठी अक्षरांत प्रत्येक कृषी सेवा केंद्रात दर्शनी लावणे कृषी खात्याने बंधनकारक करावे.

– एक मका उत्पादक, सिल्लोड