रांगण्यावरचा मुक्काम

कोल्हापूर,
मंगळवार

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी रात्री फोनवर मी 'पोचले, सगळं छान झालं' एवढंच बोलले. तिकडं दादाच्या हॉलमध्ये टीव्ही चालू होता, बाबांना नीट ऐकू येत नव्हतं आणि आई, तू दर वाक्याला 'जेवलीस का' विचारत होतीस. म्हणून आज लिहायला बसले. बाबांना चष्मा न शोधता वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. रांगणा किल्ल्याच्या ह्या ट्रेकचं काहीही न वगळता लिहायचं असं ठरवलंय, चांगलंही आणि वाईटही. त्यामागं एक कारण आहे, ते पुढं येईलच.

शुक्रवारी भुदरगड केला. गारगोटीहून तासाभरात पायथ्याला जाता येतं, त्यामुळं त्याबद्दल फार लिहीत नाही. भैरवनाथाचं दर्शन घेतलं, तळ्याच्या कडेनं एक फेरी मारली. तळ्याचं पाणी खरंच दुधात पाणी घातल्यासारखं पांढरट दिसतं. संध्याकाळी पाटगावला आलो आणि एका घरी पडवीत पथाऱ्या टाकल्या.

बाबा, पाटगावात मला सारखी तुमची आठवण येत होती. तुम्ही गारगोटी डेपोत असताना पाटगावची मुक्कामी गाडी घेऊन जायचा, गाडीतच झोपायचा आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचा. लहानपणी आम्ही 'पाटगावच्या पुढं काय आहे?' असं विचारलं की तुम्ही म्हणायचा, 'पुढं जंगल. आपला रस्ता तिथं संपतो.' ते उत्तर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शनिवारी पहाटे अंधारातच आम्ही निघालो आणि तो संपलेला रस्ता मागं टाकून चालायला लागलो, तेव्हा छातीत काहीतरी हललं. निघायच्या आधी मौनी महाराजांच्या मठात जाऊन आलो होतो. दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्याआधी १६७६ साली शिवाजी महाराज इथं दर्शनाला आले होते. पुजारी अजून उठायचे होते. उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि तुमच्या दोघांच्या तब्येतीचं मागणं मागितलं.

आम्ही सगळे ऑफिसातले आणि त्यांचे घरचे, शिवाय गावातले एक वाटाडे मामा. वाटाड्याशिवाय त्या जंगलात जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. वनखात्याला आधी कळवलं होतं, शेकोटी करायची नाही हेही ठरलं होतं. पाठीवर तंबू, झोपायची पिशवी, शिधा, छोटी गॅसची शेगडी आणि पाणी मिळून बारा-तेरा किलोंचं ओझं.

पहिला टप्पा मौनीसागर जलाशयाच्या बाजूनं. पाण्यावर धुकं, पलीकडचा डोंगर दिसतच नव्हता. आई, तुझ्या मुरगूडच्या घाटावर जी वेदगंगा वाहते, तिचंच हे अडवलेलं पाणी. भटवाडीपर्यंत चालणं सोपं होतं. गावाच्या आसपास जागोजागी मधपेट्या ठेवलेल्या दिसल्या. पाटगावला 'मधाचं गाव' म्हणतात ना, त्या ह्या. सातेरी माश्या असतात त्यात. एका पेटीचं झाकण उघडून मामांनी दाखवलं. माश्यांचा एक जाड थर पोळ्यावर हळूहळू सरकत होता, आणि मामांचा उघडा हात त्यांच्यात. एकही चावली नाही.

भटवाडी सोडली आणि रान दाट झालं. अंजनी, जांभूळ, हिरडा, मध्येच कारवीचं इतकं गच्च रान की पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसायची. मामा कोयत्यानं आडव्या आलेल्या काटक्या बाजूला सारत होते, पण गरज नसताना एकही फांदी तोडत नव्हते. वाटेवर गव्यांचं ताजं शेण होतं. मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "सकाळचंच हाय. आता बोलणं बंद करा वाईच." तिथून पुढं बराच वेळ आम्ही मुक्यानं चाललो. आई, भीती वाटली मला. पण ती भीती पाय रोखणारी नव्हती, कान आणि डोळे उघडणारी होती.

चिक्केवाडीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मोजकी घरं आहेत. तिथं सावलीत बसून भाकरी, खर्डा आणि कांदा खाल्ला. त्या भाकरीची चव लिहून सांगता येणार नाही.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. घाटमाथ्याकडून येताना रांगण्याच्या दरवाजाकडं वाट आधी खाली उतरते. इतकं चढून आल्यावर उतरायचं, आणि मग पुन्हा चढ. उतरताना गुडघ्यांवर सगळं ओझं आलं. चढ सुरू झाला आणि माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. असा गोळा, की पाय जमिनीला टेकवता येईना. सॅकचे पट्टे खांद्यात रुतले होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी तिथंच दगडावर बसले आणि रडले. पोरीबाळी पुढं निघून गेल्या होत्या. मैत्रीण थांबली. मामा मागं आले. त्यांनी घाई केली नाही, धीरही दिला नाही. बूट काढायला लावला, अंगठा धरून पाऊल माझ्याकडं वळवून दाबून ठेवलं. पाण्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा टाकून दिला आणि म्हणाले, "घोट घोट घ्या. घटाघटा नगा पिऊ." हळूहळू गोळा सुटला. माझ्या सॅकमधला तंबू त्यांनी काढून आपल्या पाठीवर बांधला. मी 'नको' म्हणाले नाही. दमलेल्या माणसानं उगाच 'नको' म्हणू नये, त्यानं सगळ्यांचाच खोळंबा होतो.

मग दरवाजा आला, बुरूज आला. हात लावला तर दगड उन्हानं तापलेला होता. वर तळं, पडका वाडा, आणि पुढं रांगणाईचं देऊळ, समोर दीपमाळ. देवीला तुझ्या नावानं खण-नारळ ठेवला, आई.

तळ्याकाठी मात्र जीव जळला. प्लॅस्टिकच्या पत्रावळ्या, गुटख्याच्या पुड्या, दारूच्या बाटल्या. आपल्याच जिल्ह्यातली माणसं हे करतात. ज्या तळ्याचं पाणी प्यायचं, त्याच तळ्यात हात-तोंड-भांडी सगळं. आम्ही दोन पोती भरून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खाली नेली. पाणी फडक्यातून गाळून, उकळून प्यायलो.

सूर्य कलला तेव्हा कोकणाच्या बाजूच्या कड्यावर गेलो. खाली नारूरकडचं रान, एकामागं एक निळ्या होत गेलेल्या डोंगररांगा. गड अडीच हजार फुटांच्या आसपास उंच, पण कोकणाकडं कडा असा तुटतो की पोटात गोळा येतो. १७०८ च्या सुमारास साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या फौजेनं ह्या गडाला वेढा घातला, तेव्हा महाराणी ताराबाई इथंच होत्या. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यांना सिंधुदुर्गाकडं सुखरूप पाठवलं, गड लढत राहिला आणि पावसाळा लागल्यावर वेढा उठला. कोल्हापुरात कावळा नाक्यावरून जाताना ताराबाईंचा घोड्यावरचा पुतळा आपण किती वेळा बघितलाय. पण ह्या कड्यावर उभं राहून, पोटरी ठणकत असताना, त्या इथून कशा उतरल्या असतील ह्याचा विचार पहिल्यांदा केला. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या, माझ्याहून कितीतरी लहान.

रात्री देवळाजवळच्या मोकळ्या जागेत तंबू लावले. जमीन इतकी कातळ की खुंट्या आत जाईनात, मग दोऱ्या दगडांना बांधल्या. पिठलं-भात झाला. वारा सुटला आणि तंबूचं कापड रात्रभर फडफडत राहिलं. मध्यरात्री मामांनी हलक्या आवाजात सगळ्यांना उठवलं. तळ्याकडून फुरफुरण्याचा आवाज येत होता. गवे पाण्यावर आले होते. कुणी बॅटरी लावली नाही, कुणी हललं नाही. अंधारात काळे ढीग सरकताना दिसले, दगडांवर खूर वाजले. बऱ्याच वेळानं ते कोकणाच्या अंगाला निघून गेले. त्यानंतर मला झोप लागली नाही, आणि वाईटही वाटलं नाही. इतक्या चांदण्या मी मुरगूडच्या गच्चीवर लहानपणी बघितल्या होत्या, त्यानंतर आत्ता.

रविवारी आल्या वाटेनं परत. पाय सुजलेत, एक नख काळं पडलंय, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ आहेत. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवते आहे. दोन-तीन दिवसांत बरं होईल.

आता कारण सांगते. तुम्ही दोघं मला फोनवर 'आम्ही बरे आहोत' एवढंच सांगता. परवा वहिनीकडून कळलं, की आई, तुला जिना चढताना दम लागतो आणि तू मधल्या पायरीवर बसतेस. बाबा, तुम्ही रात्रीची गोळी अधूनमधून चुकवता. काळजी वाटू नये म्हणून तुम्ही लपवता हे मला कळतं. मीही पोटरीचं आणि गव्यांचं तसंच लपवलं असतं. पण मग आपण एकमेकांशी बोलतो ते काय? म्हणून माझं सगळं लिहिलं. आता तुमचं लिहा. डॉक्टर काय म्हणाले, बी.पी. किती निघालं, कुठल्या मजल्यावर दम लागतो, रात्री कितीदा उठावं लागतं. बाबांनी लिहावं, आईनं सांगावं. 'बरं आहे' ह्या दोन शब्दांवर मी आता समाधान मानणार नाही.

आणि उन्हाळा लागायच्या आत कोल्हापूरला या. पाटगावपर्यंत गाडी सरळ जाते, मठापर्यंत चालावं लागलं तर मी दोन्ही हात धरीन. बाबांनी गाडी कुठं लावायचे, कुठं चहा प्यायचे ते मला दाखवायचं आहे. पुढचं जंगल मी तिथूनच बोट करून सांगेन.

पाटगावच्या मधाच्या दोन बाटल्या शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर पाठवते आहे, तो शनिवारी पुण्याला येतोय. बाबांनी साखरेचा रिपोर्ट आल्याशिवाय मधाला हात लावायचा नाही. रिपोर्ट पत्रातच लिहून पाठवा.

तुमची,
लेक