बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: अमेरिकेतलं नाटक

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, अमेरिकेत आपल्यासारखं नाटक आहे का, की नुसते गाण्यानाचाचे डोळे दिपवणारे प्रयोग? फोनवर सांगून संपेल असं ते उत्तर नाही. इथल्या कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गात मी सध्या हीच नाटकं वाचते आहे, त्यामुळे डोक्यात दुसरं काही नसतंच. म्हणून सविस्तर लिहिते. आई, तुझ्या डोळ्यांना त्रास होत असेल तर बाबांकडून वाचून घे.

एकोणिसाव्या शतकात इथे नाटक भरपूर होतं, पण त्यात खरं घर नव्हतं. खलनायक, अन्याय, सूड आणि शेवटी टाळ्या. जेम्स ओनील नावाचा एक देखणा नट होता. शेक्सपिअर पेलण्याची ताकद असलेला. 'माँटे क्रिस्टो'मधल्या काउंटची त्याची भूमिका तुफान गाजली, त्याने नाटकाचे हक्कच विकत घेतले आणि मग वर्षानुवर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव तेच नाटक करत राहिला. पैसा मिळाला, त्यातला नट मात्र त्या एका भूमिकेत संपला. त्याचा मुलगा युजीन १८८८ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवे या नाटकांच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या खोलीत जन्मला. त्या बाळंतपणानंतर डॉक्टरांनी आईला मॉर्फिन दिलं आणि तिला त्याचं व्यसन जडलं. आधुनिक अमेरिकन नाटकाची गोष्ट मला इथपासून सांगाविशी वाटते, कारण पुढे या मुलाने याच घराला रंगमंचावर आणलं.

ते लगेच नाही झालं. १९१६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी काही लेखक मंडळी जमली होती. त्यांनी धक्क्यावरच्या एका जुन्या मासळीच्या गोदामाचं नाट्यगृह केलं होतं. तिथे युजीनची 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' ही एकांकिका झाली. जहाजाच्या पोटात एक खलाशी मरतो आहे, एवढंच तिच्यात घडतं. प्रयोगाच्या रात्री बाहेर खरोखर धुकं होतं आणि फळ्यांखाली भरतीच्या लाटा आपटत होत्या. तो प्रयोग बघायला मिळाला असता तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

आई, त्याच मंडळींतल्या सुझन ग्लास्पेलबद्दल खास तुझ्यासाठी लिहिते. ती तरुणपणी आयोवात वार्ताहर होती. तिथे एका शेतकऱ्याचा झोपेत खून झाला आणि बायकोवर आळ आला, त्या खटल्याच्या बातम्या तिने दिल्या होत्या. त्यातून १९१६ मध्ये तिने 'ट्रायफल्स' ही एकांकिका लिहिली. सरकारी वकील आणि शेरीफ, म्हणजे इथला पोलीस अधिकारी, पुरावा शोधत घरभर हिंडतात, स्वयंपाकघरात मात्र काही सापडणार नाही असं धरून चालतात. तिथेच दोन बायका उभ्या असतात. थंडीने तडकलेल्या मुरंब्याच्या बरण्या त्यांना दिसतात. अर्धवट पुसलेलं टेबल दिसतं. गोधडीचे इतके सगळे टाके नीट, आणि शेवटचे एकदम वेडेवाकडे. मग शिवणाच्या सामानात एक छोटी पेटी सापडते, आत मान मुरगळलेला कॅनरी पक्षी. त्या घरात काय चाललं होतं ते दोघींना एका क्षणात कळतं. ज्युरीत तेव्हा पुरुषच बसत. या दोघी ती पेटी लपवून ठेवतात आणि अवाक्षर काढत नाहीत. आई, तू हे वाचलंस तर वकिलाच्या कितीतरी आधी तुला सगळं कळलेलं असेल, याची मला खात्री आहे.

युजीन ओनीलला १९३६ मध्ये नोबेल मिळालं. पण त्याचं सर्वांत मोठं नाटक त्याने त्यानंतर लिहिलं, हात थरथरत असताना: 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट'. १९१२ मधला एक दिवस, कनेटिकटमधल्या न्यू लंडनचं उन्हाळी घर, नट बाप, व्यसनी आई आणि दोन मुलगे. सगळी त्याच्या स्वतःच्याच घरची माणसं. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षं ते उघडू नये अशी त्याची इच्छा होती. तो १९५३ मध्ये गेला. त्याच्या पत्नीने मात्र ते खुलं केलं आणि १९५६ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तो स्टॉकहोममध्ये. त्यातला बाप विजेचे दिवे वाचवणारा कंजूष आहे. मुलाला क्षय झालाय तरी स्वस्तातलं सॅनेटोरियम शोधतो. मुलाला त्याचा संताप येतो, आपल्यालाही येतो. मग शेवटच्या अंकात मध्यरात्री दारू पिता पिता तो बाप पहिल्यांदा सांगतो, की लहानपणी काय दारिद्र्य पाहिलं, त्या काळच्या सर्वांत मोठ्या नटाने आपलं कसं कौतुक केलं होतं आणि पैशाच्या मोहात आपण ते सगळं कसं घालवलं. मुलगा म्हणतो, बरं झालं सांगितलंत, आता तुम्ही मला जास्त कळलात. आणि बाप काय करतो? डोळ्यांना त्रास होतो म्हणत जास्तीचे दिवे मालवतो. एवढं सांगूनही माणूस तोच राहतो. हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. १९३० नंतरच्या महामंदीच्या वर्षांत नाटक रस्त्यावरच्या माणसाकडे वळलं. १९३५ मध्ये क्लिफर्ड ओडेट्सच्या 'वेटिंग फॉर लेफ्टी'त टॅक्सीचालक संपाची हाक देतात आणि पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकही ओरडू लागले. थॉर्नटन वाइल्डरने 'अवर टाउन'मध्ये (१९३८) नेपथ्य जवळजवळ काढूनच टाकलं. टेनेसी विल्यम्स तुम्हाला ठाऊक आहे, तेंडुलकरांनी ज्याच्या नाटकाचं 'वासनाचक्र' केलं तो. त्याचं 'द ग्लास मिनॅजरी' १९४४ च्या शेवटी शिकागोत आलं तेव्हा थिएटर रिकामं होतं. तिथल्या समीक्षकांनी चिकाटीने लिहून ते जगवलं. त्यातली हट्टी, बडबडी आई त्याच्या आईवरून आणि लाजरी बहीण त्याच्या बहिणीवरून आली आहे. नाटकातला मुलगा घर सोडून निघून जातो आणि बहिणीला विसरू शकत नाही. या नाटकाच्या उत्पन्नातला अर्धा वाटा विल्यम्सने आईच्या नावे केला होता.

बाबा, आता तुमच्याबद्दल. आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) वाचताना मला सारखे तुम्ही दिसत होतात. मिलरच्या वडिलांचा कोटांचा चांगला धंदा मंदीत बुडाला, ते त्याने मुलगा म्हणून पाहिलं होतं. विली लोमन ६३ वर्षांचा फिरता विक्रेता. त्याच्या बॅगांत काय माल आहे ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. तो मालकाच्या मुलासमोर उभा राहून आठवड्याला ६५ डॉलर मागतो, मग ५० वर येतो, मग ४० वर. तो मुलगा मात्र आपलं नवं ध्वनिमुद्रण यंत्र कौतुकाने दाखवत बसतो. शेवटी विलीची नोकरीच जाते. हा प्रसंग मी एका बैठकीत वाचू शकले नाही. तुमची ती औषधांच्या नमुन्यांची काळी बॅग आठवली. पहाटेची एसटी, डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळत काढलेले तास, आणि तुम्ही संध्याकाळी घरी येऊन एवढंच म्हणायचात, "झालं काम." कंपनीने तुम्हाला अचानक घरी बसवलं तेव्हाही तुम्ही तेवढंच बोललात. विलीमध्ये आणि तुमच्यात एक फरक आहे आणि तो मला फार मोठा वाटतो. विली मुलांना खोटी स्वप्नं देत राहिला. तुम्ही आम्हाला कधीच खोटं सांगितलं नाहीत. पण खरंही फारसं सांगितलं नाहीत.

नाटककार लोरेन हॅन्सबेरीची गोष्ट वडिलांच्या लढ्याची आहे. १९३७ मध्ये तिच्या वडिलांनी शिकागोच्या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही असा तिथल्या घरमालकांचा लेखी करार होता. घरावर जमाव चालून आला, विटांचा मारा झाला. आई रात्रभर पिस्तूल घेऊन पहारा द्यायची. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० मध्ये वडील जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार चालूच राहिले. वडील १९४६ मध्ये गेले. जात पाहून घर नाकारणं आपल्याला नवं नाही, त्यामुळे या अनुभवातून आलेलं तिचं 'अ रेझिन इन द सन' (१९५९) आपल्याकडे कुणालाही समजेल. कृष्णवर्णीय स्त्रीचं ब्रॉडवेवर आलेलं ते पहिलं नाटक. ती तेव्हा २८ वर्षांची होती, आणि ३४ व्या वर्षी गेली.

त्या नाटकाचे दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स पुढे आमच्या कनेटिकटमध्ये आले. वॉटरफर्डला ओनीलच्या नावाचं नाट्यकेंद्र आहे, तिथे नव्या नाटककारांचं शिबिर ते चालवायचे. १९८२ मध्ये त्यांनी निवडलेल्यांत एक होता ऑगस्ट विल्सन. पिट्सबर्गचा, शाळा अर्धवट सोडलेला, वाचनालयात बसून शिकलेला, आणि याच शिबिराकडून आधी नकार मिळालेला. या माणसाने विसाव्या शतकाच्या एकेका दशकावर एक अशी दहा नाटकं लिहिली. त्यातल्या 'फेन्सेस'मध्ये मुलगा बापाला विचारतो, मी तुम्हाला कधी आवडलोच नाही का? कचरागाडीवर काम करणारा तो बाप खवळतो. म्हणतो, तुला जेवू घालतो, डोक्यावर छप्पर देतो, ते माझं कर्तव्य आहे म्हणून. तू आवडायलाच हवास असा कायदा कुठे आहे? हे मी तीनदा वाचलं. आधी बापाचा राग आला, मग मुलाची दया आली, आता दोघांचंही खरं वाटतं.

यातल्या बऱ्याच लेखकांना आईवडिलांना समोर बसवून विचारता आलं नाही, किंवा विचारायला गेले तेव्हा ती माणसं नव्हती. मला विचारता येतंय. म्हणून बाबा, मला फिरतीच्या दिवसांबद्दल लिहून पाठवा. कुठल्या गावी उतरायचात, कुठे जेवायचात, सर्वांत अपमानाचा दिवस कुठला, आणि सर्वांत चांगला कुठला. नोकरी गेल्याचं आईला आधी कसं सांगितलंत तेही लिहा. आई, त्यांनी टाळलं तर तू सांग, तुला सगळं आठवत असणार.

जूनमध्ये तुम्ही आलात की न्यू लंडनचं ते घर बघायला जाऊ. आता तिथे संग्रहालय आहे, आणि ओसरीतून नदी दिसते. आईच्या गुडघ्यांसाठी मी आधीच चौकशी करून ठेवते. बाबा, साखर तपासून घ्या आणि रिपोर्ट फोटो काढून पाठवा.

तुमची,
लेक