पाटण्याचे नाव नंतर, आधी कुम्हरारचे खांब

माननीय केंद्रीय सांस्कृतिक मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

पाटण्याचे नाव बदलून पाटलिपुत्र करा, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. या शहराला नावांची वाण कधीच नव्हती. मगधाचा राजा अजातशत्रू याच्या अमात्यांनी शेजारच्या वज्जी गणराज्याच्या धास्तीने तटबंदी घातली तेव्हा ते पाटलिग्राम होते. उदायीने राजगृहाहून राजधानी हलवली आणि पाटलिपुत्राचे दिवस आले. मौर्य दरबारी आलेल्या ग्रीक वकिलाचे, मेगॅस्थिनीसचे, पालिबोथ्रा हेच. 64 दरवाजे, 570 बुरूज आणि लाकडी तट. आर्यभटाचे कुसुमपूरही हेच. 1704 मध्ये औरंगजेबाचा नातू अझीमुश्शान याच्या नावाने ते अझीमाबाद झाले. लोकांच्या तोंडी पाटणा टिकले, ते आजतागायत.

माझे मागणे पाटण्यातल्या कुम्हरार या उत्खननस्थळाबद्दल आहे. सर रतन टाटांच्या पैशाने पुरातत्त्व खात्याचे स्पूनर यांनी 1912-13 मध्ये तिथे खोदकाम सुरू केले आणि मौर्यकालीन सभागृहाच्या 72 खांबांच्या जागा सापडल्या. एकच खांब जवळपास अख्खा मिळाला. चुनारचा दगड, आरशासारखी झिलई. बाकी ठिकाणी मातीत नुसते राखेचे आणि दगडाच्या कपच्यांचे गोल उरले होते. आणखी 8 जागा शोधल्या 1951 ते 1955 च्या उत्खननाने. ते केले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी, आमच्या कोल्हापूरकडच्या म्हाकवे गावच्या माणसाने. म्हणून या मातीशी माझा जीव जास्तच जडला आहे.

आग, पाणी आणि आपसातली फूट यांपासून या नगराला धोका आहे, असे बुद्धांनी म्हटल्याचे महापरिनिब्बान सुत्त या बौद्ध ग्रंथात आहे. आगीची राख सापडली. पाणी आपल्या काळात आले: भूजल चढले आणि या शतकाच्या सुरुवातीला ती जागा माती-वाळूने बुजवावी लागली. अवशेष वाचवायचे तर तेव्हा दुसरा इलाज नव्हता, हे मला मान्य आहे. पण लांबून आलेली मुले आज तिथे हिरवळ पाहून परततात.

2024 च्या अखेरीस पुरातत्त्व खात्याने काही खांबांच्या जागा उघडून पाहणी सुरू केली. तिचा अहवाल लोकांसमोर ठेवा. पाण्याचा बंदोबस्त होत असेल तर निदान एक रांग कायम उघडी राहू द्या. होत नसेल, तर हिरवळीवर 80 खांबांच्या जागा आखून द्या आणि शेजारी स्पूनर-आळतेकरांचे नकाशे व छायाचित्रे लावा. एवढे झाल्यावर नावाची चर्चा खुशाल करा.

कळावे,
आपला नम्र,
इतिहासाचा एक शिक्षक, कोल्हापूर