केबलवर छापलंय ५० ओहम, आत निघाले ७५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर लिहिला आहे)

विषय : आरजी-५८ म्हणून विकलेली कोएक्स केबल छापील वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी रेडिओ अँटेनाला जोडायला आरजी-५८ या कोएक्स केबलचा ५० मीटरचा रोल मागवला. बिलावर, वेष्टनावर आणि केबलच्या काळ्या आवरणावरही एकच मजकूर आहे : ५० ओहम (हा केबलचा इम्पिडन्स, तो रेडिओ आणि अँटेनाशी जुळावा लागतो), शुद्ध तांबे. यातलं काहीही खरं नाही. ग्राहक सेवेला कळवलं, तर "अँटेना कोणत्या कंपनीचा आणि मॉडेल नंबर काय" असं विचारण्यात आलं. अँटेना मी घरी बनवलाय म्हटल्यावर "ग्राहकाच्या बाजूचा दोष" असा शेरा मारून तक्रार बंद. म्हणून आता सविस्तर लिहितोय. कृपया हे पत्र ज्याला केबलमधलं कळतं अशा माणसाच्या हाती द्यावं.

मी केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगचा परवाना असलेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे. रेडिओ विकतचा, पण अँटेना हातचा, ही या छंदातली जुनी रीत आणि खरी गंमतही तिथंच. माझ्या गच्चीवर ७.१ मेगाहर्ट्झचा इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच, दोन्ही टोकं खाली उतरलेला तारेचा अँटेना) आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेसाठी १४३ ला ७.१ ने भागलं की वीस मीटरच्या आसपास येतात. म्हणून दोन्हीकडे दहा-दहा मीटर साधी वायरिंगची तार, मधला इन्सुलेटर उद्यमनगरातून नायलॉनचा रॉड लेथवर कातून घेतलेला आणि खांबाला जीआय पाइप. दिसायला ओबडधोबड असेल, पण त्याचं माप न् माप माझ्या वहीत आहे. जुन्या केबलवर हाच अँटेना १.२ एसडब्ल्यूआर (शक्ती किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) दाखवतो. तुमची केबल जोडली की आकडा वर चढतो आणि रेडिओ स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो. बदलली ती फक्त केबल.

तरीही तुमच्या माणसाचं म्हणणं एकच : एसडब्ल्यूआर चढला म्हणजे अँटेना चुकला. म्हणून मी अँटेना काढूनच टाकला आणि नुसती केबल मोजली.

रोलमधून ५ मीटरचा तुकडा कापला. एक टोक नॅनोव्हीएनएला (अँटेना-केबल तपासायचा छोटा मीटर) जोडलं, दुसरं उघडं ठेवलं. उघड्या टोकाची केबल ज्या फ्रीक्वेन्सीला पाव तरंगलांबीची होते, तिथं ती तोंडाशी जवळजवळ शॉर्ट दिसते. अस्सल आरजी-५८ मध्ये भरीव पॉलिथिन असतं आणि लहरी त्यातून प्रकाशाच्या ०.६६ पट वेगानं जातात. त्या हिशेबानं ५ मीटरला ही जागा ९.९ मेगाहर्ट्झच्या आसपास यायला हवी. तुमच्या केबलला ती १२.३ ला आली, म्हणजे वेग ०.८२. हा फोमवाल्या केबलचा वेग झाला.

मग उघड्या टोकाला १०० ओहमचे दोन कार्बन रेझिस्टर समांतर जोडून ५० ओहमचा लोड दिला. केबल ५० ओहमची असती तर एसडब्ल्यूआर सगळीकडे १ च्या जवळ सपाट राहिला असता. इथं तो १२.३ मेगाहर्ट्झला सव्वादोनपर्यंत चढतो आणि २४.६ ला परत १ जवळ येतो. आता केबल ७५ ओहमची धरा : ७५ चा वर्ग करा, ५० ने भागा, ११२.५ येतात, पाव तरंगलांबीवर लोड एवढा दिसतो. त्याला परत ५० ने भागा : २.२५. तुमच्या इंजिनिअरला हे गणित चहा संपायच्या आत जमेल.

मीटर नसेल तर ब्लेड पुरे. आवरण सोललं की विरळ जाळी दिसते, तिच्याखाली चंदेरी पन्नी आणि त्याखाली नखानं दबणारा पांढरा फोम. मधली तार वरून तांबूस आहे खरी, पण फ्रिजवरचं लोहचुंबक तिला चिकटतं. जाळीला सोल्डर धरतच नाही. पीएल-२५९ या कनेक्टरच्या भोकातून आत सोडलं की गोळी होऊन घरंगळतं आणि कनेक्टर जरा हलवला की जाळी सुटून हातात येते. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर लागत नाही, हे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. ही सीसीटीव्हीवाल्यांची केबल आहे, फक्त जाडी आरजी-५८ एवढी ठेवल्यामुळं वरून बघून कळत नाही.

७५ ओहमची केबल वाईट असते असं माझं म्हणणं नाही. उंचावर सरळ टांगलेला डायपोल (दोन तारांचा अँटेना) ७३ ओहमच्या आसपास असतो, त्याला ती चांगली चालते. साधारण शंभर ओहमचा लूप अँटेना ५० वर आणायला आम्ही पाव तरंगलांबीचा ७५ ओहमचा तुकडा मुद्दाम लावतो. पण तो ७५ म्हणून विकत घेतो आणि त्याच्या वेगाप्रमाणं कापतो. छापच खोटा असेल तर कापायचं कशाच्या आधारावर?

याचा सगळ्यात वाईट फटका मला बसला नाही, आमच्या गल्लीतल्या पॉलिटेक्निकच्या पोरांना बसला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून एसएसटीव्हीची (रेडिओवर आवाजाच्या रूपात पाठवलेली स्थिर) चित्रं येतात. ती पकडायला त्यांनी फोल्डेड डायपोलची यागी (एका दिशेला रोखायचा दांड्यांचा अँटेना) बांधली आणि चारास एकचा बलून (अँटेना केबलशी जुळवणारा केबलचाच तुकडा) तुमच्याच रोलमधून कापला. लांबी पुस्तकाप्रमाणं ६८ सेंटिमीटर. तुमच्या केबलचा वेग जास्त, म्हणून तिला तिथं ८४ लागतात. यागी जुळेना, तेव्हा पोरांनी आपलंच गणित चुकलं असं धरून अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या छाटल्या. त्या काही आता परत लांब होत नाहीत.

याला नुसती हौस म्हणून हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून हॅम मंडळींनीच निरोप पोचवले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्ग पाण्याखाली जाऊन कोल्हापूर तुटलं होतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मला रोलचे पूर्ण पैसे आणि येण्या-जाण्याचा कुरिअर खर्च परत हवा आहे. संकेतस्थळावरचं वर्णन दुरुस्त करा आणि या लॉटमधला माल ज्यांनी ज्यांनी घेतला त्या सगळ्यांना कळवा. मला गप्प करायला एक कूपन पाठवलंत, तर ते मी घेणार नाही. पोरांच्या दांड्यांचे पैसे द्यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण ही तुमची जबाबदारी आहे. ते झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वर्णनाशी न जुळणारा माल विकणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कशात बसतं, ते तुमच्या वकिलांना माहीत असेलच.

मोजलेला तुकडा आणि उरलेला रोल छापासकट जपून ठेवला आहे. तुमच्या माणसानं स्वतःचा मीटर घेऊन यावं, माझ्यासमोर मोजावं. येताना तुमच्या गोदामातला त्याच लॉटचा न फोडलेला एक रोलही आणावा.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, नॅनोव्हीएनएचे दोन आलेख, सोललेल्या केबलचे फोटो, बंद केलेल्या तक्रारीचा ईमेल