अहवाल आधी की विधेयक आधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की देशात कुठेही गोव्याचे नाव घेतले जाते. उत्तराखंडच्या वेळीही तेच झाले. त्या कायद्याच्या तारखा मात्र एकदा ओळीने वाचून पाहाव्यात. मे २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली तिथे समिती नेमली गेली. दोन लाखांवर सूचना गोळा करून समितीने २ फेब्रुवारी २०२४ रोजी चार खंडांचा अहवाल सरकारला दिला. ६ तारखेला विधेयक सभागृहात आले, ७ तारखेला मंजूर झाले. अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो जुलैत! समितीने काम केले नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कामाचा चर्चेला उपयोग व्हायचा तर ते चर्चेच्या आधी समोर यायला हवे होते.

हा दाखला गोव्याच्या दारात आणून ठेवतो, कारण धर्म आणि सरकार यांचा संबंध येतो असे निर्णय इथेही सतत होत असतात. देवस्थानांतले वाद, जत्रांची गर्दी, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे मिरवून जाळतानाचा आवाज, पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांची पुनर्बांधणी. प्रत्येक वेळी ‘समिती नेमू’ ही घोषणा होते. समिती कोणत्या कायद्याखाली नेमली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

चौकशी आयोग कायदा, १९५२ खाली आयोग नेमला तर कलम ३(४) प्रमाणे त्याचा अहवाल सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या पटलावर ठेवावा लागतो, आणि त्यावर काय कारवाई केली याचे टिपणही सोबत द्यावे लागते. साध्या सरकारी आदेशाने नेमलेल्या समितीला यातले काहीच लागू नाही. तिचा अहवाल कपाटात राहिला तरी त्या कायद्याचा भंग होत नाही. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, तेव्हा चौकशी सरकारी अधिकाऱ्यांच्या समितीकडे गेली. त्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आमची तक्रार नाही. पण जत्रेचा बंदोबस्त प्रशासनाचा आणि चौकशीही प्रशासनाचीच, हे चुकीचे आहे. शिवाय अशा चौकशीत रस्त्याची रुंदी, उतार, दुकानांची जागा हे मोजले जाते. धोंडांनी (देवीचे व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणाऱ्या भाविकांनी) कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जायचे हे कोण ठरवते, देवस्थान समितीचा शब्द कुठे संपतो आणि पोलिसांचा कुठे सुरू होतो, हे मोजपट्टीने कळत नाही. त्यासाठी धार्मिक विधी जाणणारा, माणसांशी बोलणारा आणि सरकारी पगारावर नसलेला अभ्यासक लागतो.

‘गोव्याचा नमुना’ हेही असेच न वाचता वापरले जाणारे नाणे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून इथे लागू झाली, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण १८८० च्या हिंदू रूढींच्या संहितेत पत्नीला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत मूल न झाल्यास किंवा ३० व्या वर्षापर्यंत मुलगा न झाल्यास नवऱ्याला ठरावीक अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा आहे, आणि १९४६ च्या डिक्रीने चर्चमधल्या लग्नांना वेगळी वाट दिली आहे, हे चर्चेत फारसे येत नाही. ती मुभा आज कोणी वापरत नसेलही. तरी ‘समान’ हा शब्द उच्चारण्याआधी ती वाचली पाहिजे. २१ व्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या सल्लापत्रात समान संहिता या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही असे म्हटले होते. ते पटो न पटो, पण ते लोकांसमोर होते म्हणून त्याच्याशी वाद घालता आला.

आता अभ्यास करायचा म्हणजे काय, ते थोडे तपशिलात सांगतो, कारण बहुतेक सर्वेक्षणे इथेच गळपटतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ टक्के आणि मुस्लिम ८ टक्क्यांच्या थोडे वर. सरसकट हजार माणसे निवडली तर राज्याचा आकडा तीन टक्के इकडेतिकडे धरून ठीक येतो. पण त्यात मुस्लिम असतात साधारण ८३. एवढ्यांवरून काढलेल्या टक्केवारीत अकरा टक्क्यांपर्यंत चूक संभवते. म्हणजे ‘४५ टक्के मुस्लिमांना असे वाटते’ या वाक्याचा खरा अर्थ ३४ ते ५६ मधले काहीही. उपाय माहीत आहे: प्रत्येक समाजातून निदान चारशे माणसे घ्यायची आणि राज्याचा आकडा काढताना लोकसंख्येच्या प्रमाणात वजन द्यायचे. खर्च वाढतो. तो वाचवायचा असेल तर समाजनिहाय आकडे छापू नयेत.

प्रश्नाच्या शब्दांनीही उत्तर फिरते. ‘देवळे सरकारने चालवावीत का?’ असे विचारले तर बहुतेक घरांतून ‘ना’ येईल. ‘देवळाचा हिशेब बाहेरच्या कोणी तपासावा का?’ असे विचारा, त्याच घरातली सून वेगळे बोलेल. प्रश्नावली मराठीत छापली तरी दारात कोंकणीतच विचारावी लागते. विचारणाऱ्याच्या आडनावावरून जात आणि धर्म कळतो आणि उत्तर त्या मानाने बेतले जाते, म्हणून दोघे वेगवेगळ्या समाजांतले पाठवावेत. आणि गणेश चवथीच्या आठवड्यात सर्वेक्षण घेऊ नये, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

देवस्थानांचे उदाहरण घ्या. १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजनांची (देवस्थानावर पिढीजात हक्क असलेल्या घराण्यांतल्या सदस्यांची) नोंदवही असते, समिती निवडून येते आणि तालुक्याचा मामलेदार प्रशासक असतो. तोच मामलेदार कार्यकारी दंडाधिकारीही आहे. पालखीच्या मानावरून तंटा झाला की एकाच टेबलावर देवस्थानची फाईल आणि जमावबंदीची फाईल शेजारी शेजारी येतात. अभ्यासाची सुरुवात त्या फायलींपासून करावी: वाद कशाचा (नोंदवहीतले नाव, मानाचा क्रम, निवडणूक की हिशेब), अर्ज कधी आला, आदेश कधी निघाला, पुढे कोर्टात गेला का. त्यानंतर माणसे, आणि फक्त महाजन नव्हेत. नोंदवहीत नाव नसलेले गावकरी, वाजंत्री, देवळाची चाकरी करणारी घरे आणि बायका यांना वगळले तर अहवाल म्हणजे महाजनांचे निवेदन होईल.

बाहेरचे दोन दाखले. नेदरलँड्समध्ये १९७२ पासून सरकारला सल्ला देणारी वैज्ञानिक परिषद आहे. १९७६ पासून तिला कायद्याचा आधार आहे आणि सदस्य पाच वर्षांसाठी नेमले जातात. तिने २००६ मध्ये सार्वजनिक जीवनातल्या धर्मावर अहवाल काढला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा दाखला गोव्याच्या अधिक जवळचा वाटतो. तिथे धार्मिक सवलतींवरून वर्तमानपत्रांत रण पेटले तेव्हा २००७ मध्ये बुशार आणि टेलर या दोन प्राध्यापकांचा आयोग नेमला गेला. गाजलेल्या २१ प्रकरणांची त्यांनी मुळापासून छाननी केली. त्यातल्या १५ प्रकरणांत लोकांचा समज आणि घडलेली गोष्ट यांत मोठी तफावत निघाली. मेपलच्या पाकाच्या एका खानावळीत मुस्लिमांच्या नमाजासाठी इतर गिऱ्हाइकांना हाकलले, अशी बोंब होती. तो गट आठवडाभर आधी मालकाशी बोलून आला होता आणि नमाज दहा मिनिटांत आटोपला होता. आयोगाच्या सगळ्या शिफारशी सरकारने मानल्या नाहीत. धार्मिक चिन्हांवरची बंदी न्यायाधीश, पोलीस अशा मोजक्या पदांपुरती ठेवा असे आयोगाने २००८ मध्ये सुचवले, २०१९ च्या कायद्याने ती शिक्षकांवरही घातली. पण अहवाल छापलेला असल्याने सरकार कुठे वळले ते कोणालाही बोट ठेवून दाखवता येते.

आमची मागणी एवढीच. धर्माशी संबंधित विषयावर समिती नेमाल तेव्हा नेमणुकीच्या आदेशातच चार ओळी घाला. समितीचा प्रश्न नेमका काय. सरकारी नोकरीत नसलेले सदस्य किती. अहवाल सादर झाल्यापासून ३० दिवसांत मराठी, कोंकणी व इंग्रजीतून प्रसिद्ध होईल. आणि विधेयक त्यानंतर निदान ३० दिवसांनीच मांडले जाईल. विधेयकाचा मसुदा ३० दिवस लोकांपुढे ठेवावा असे केंद्राचे फेब्रुवारी २०१४ चे धोरण आहेच, आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ग) महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगते. तेव्हा या चार ओळींना नवा कायदा लागत नाही. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने गेल्या दहा वर्षांत अशा किती समित्या नेमल्या आणि त्यांतले किती अहवाल पटलावर आले, एवढा तारांकित प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळेल.

आपले,
सार्वजनिक धोरणाचे काही अभ्यासक, फोंडा